कलिंगडाच्या नावाचा वेल

आमच्या मागच्या गॅलरीत सकाळी हिरवा उजेड असतो. कबुतरं येऊ नयेत म्हणून नवऱ्यानं तिथं हिरवी जाळी बांधली आहे. ऊन त्या जाळीतून गाळून आत येतं, आणि धुण्याची मोरी, बादल्या, दोरीवरचे टॉवेल, सगळं पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसायला लागतं. मी कपडे पिळता पिळता तिथं उगाच थांबते. पिळलेला शर्ट हातात तसाच राहतो आणि कशाचा विचार चालला होता ते मला मागाहून आठवत नाही.

नगर तसं कोरडं गाव. पाटीवर आता अहिल्यानगर आलं आहे, तोंडात अजून नगरच येतं. आमच्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाणी, आणि मार्चपासून वारा असा सुटतो की ओठांना तूप लावून झोपावं लागतं. पण ही गॅलरी कायम ओली, कारण वरच्या मजल्याचा पाइप ठिबकतो. त्यावरून मी वरच्या बाईंशी दोनदा कडाडून भांडले. माझा राग नाकावरच असतो, हे कॉलनीत सर्वांना ठाऊक आहे. प्लंबर येऊन गेला, त्यानं पांढरी पट्टी गुंडाळली, पाइप दोन दिवस गप्प राहिला आणि परत ठिबकायला लागला. शेवटी मीच दमले. म्हटलं, एवढं पाणी फुकट येतंय तर त्याच्याखाली काहीतरी जगवू.

दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन शिर्डीला गेलो होतो. परतताना राहुरीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक नर्सरी दिसली. पाहुणे उसाच्या रसाला थांबले आणि मी आत शिरले. बाहेर गुलाब, जास्वंद, आंब्याची कलमं, असं सगळं उन्हात मांडलेलं होतं. मागच्या बाजूला जाळीखाली, जिथं पाय टाकला की चिखल लागत होता, तिथं एका टांगलेल्या कुंडीत तो होता.

तांबूस, मांसल देठ कुंडीच्या कडेवरून खाली सरपटत आले होते. पानं अशी की एक डावीकडे, एक उजवीकडे, एकाला एक चिकटून, पण एकावर एक नाहीत. प्रत्येक पानाची कड काळपट हिरवी, आणि मधोमध रुपेरी, फिकट हिरवा पट्टा, त्याला आतून वेड्यावाकड्या किनारी. कुठंतरी पाहिलंय हे, असं वाटत राहिलं, पण कुठं ते सुचेना.

"ह्याला वॉटरमेलन म्हंत्यात," नर्सरीवाला म्हणाला. "कलिंगड येल म्हना की. सावलीतलं हाय मॅडम, ऊन दावू नका. पानी मारत ऱ्हावा, बास."

तेव्हा लक्षात आलं. कलिंगडाच्या सालीची नक्षी होती ती. कलिंगडाची साल कुणीतरी बारीक कातरून देठांना चिकटवली असावी तशी. बाकी कलिंगडाशी त्याचा काही संबंध नव्हता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मला मात्र तो फार आवडला. घरी येईपर्यंत ती कुंडी मी मांडीवर घेऊन बसले, साडीला माती लागली तरी.

त्या वेळी सासूबाईंना आमच्याकडे येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांना मी आत्याबाई म्हणते, आमच्या भागात सासूला तसंच म्हणायची रीत आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या टोकाला, नदीचं पाणी जिथं धरणामुळे फुगून लांबवर पसरलेलं असतं, तिथं त्यांचं गाव. पावसाळ्यात मामंजी गेले. दसऱ्यानंतर नवरा आईला घेऊन आला. म्हणाला, एकटी कशी ठेवायची. ते बरोबरच होतं, आणि मी हो म्हटलं. पण तेव्हा मला भीती वाटली होती, आणि ती का वाटली हे आधीच सांगून टाकते.

आम्हाला मूल नाही. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही पुण्याला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, नीट, सावकाश, समजेल अशा भाषेत. दोष माझ्यात नव्हता. तिथून शिवाजीनगरच्या स्टँडवर आलो. नगरच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो आणि त्यानं तोंडावर रुमाल धरला. त्याचा तो रुमाल मला बघवेना. मीच म्हणाले, "घरी सांगायचं नाही. नुसतं होत नाही म्हणायचं." गावात, भावकीत, तालमीत त्याला काय काय ऐकावं लागलं असतं ते मला दिसत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी ते मौन आपण होऊन दिलं आणि त्यानं घेतलं. मग ते परत द्यायचं त्याला कधी सुचलं नाही.

नुसतं 'होत नाही' म्हटलं की लोक पुढचं वाक्य स्वतःच पुरं करतात, आणि त्यात नेहमी बाईच असते. एक शब्द आहे त्याला. मी शाळेत मराठी शिकवते, पण तो शब्द वर्गात कधी धड्यात आला तर माझा आवाज बदलतो. वांझ. सासूबाईंनी तो आजवर कधी उच्चारला नव्हता, हे मला कबूल करायला हवं. पण एकदा भावकीतल्या एका सुनेचं डोहाळजेवण होतं. सगळ्या जणी तिची ओटी भरायला उठल्या तशी मीही उठले, आणि त्या हळूच म्हणाल्या, "तू आत पोळ्यांकडं बग." मी आत गेले. बाहेर गाणी चालली होती आणि मी पोळ्या लाटत होते. नवरा मांडवात बसला होता. त्यानं पाहिलं होतं.

तर माझी भीती अशी, की आता एका घरात, एका मोरीवर, दिवसरात्र आम्ही दोघी. एक दिवस रागात किंवा सहज, भाजी निवडता निवडता, तो शब्द त्यांच्या तोंडून निघेल. आणि मग मी गप्प राहणार नाही. माझ्या तोंडाला कुलूप नाही. खरं काय ते मी असं फेकून मारीन की आई आणि मुलगा दोघंही त्याखाली सापडतील. नवऱ्यालाही हे माहीत होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात असलो की तो कारण नसताना पाणी प्यायला येऊन जायचा.

पण त्या तर काही बोलतच नव्हत्या. सकाळी उठायच्या, अंघोळ करायच्या, आणि भिंतीकडे तोंड करून कॉटवर बसायच्या. टीव्ही लावला तर म्हणायच्या, बंद कर. देवळात चला म्हटलं तर, गुडघे दुखत्यात. शेजारच्या बायका भेटायला आल्या की पदर पुढे ओढून बसायच्या. इतकी शेतात राबलेली बाई, आणि तिला आमच्या तीन खोल्यांत करायला काहीच नव्हतं.

मी कुंडी घेऊन आत आले तेव्हा त्यांनी मान वळवली.

"फुलं येत्यात का ह्याला?"

"नाही येत. म्हणजे, दिसण्यासारखी नाही."

"देवाला चालतंय?"

"नाही."

"शेरडू तरी खातंय?"

"आत्याबाई, शेळी कुठंय आपल्याकडे?"

"देवाला न्हाई, डोईला न्हाई, शेरडाला न्हाई," त्या म्हणाल्या. "मग कशाला गं आनलं?"

त्यांनी ते साधेपणानं विचारलं असणार. पण ज्याला काही लागत नाही ते कशाला ठेवायचं, असं मला त्यातून ऐकू आलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "कलिंगडाचा वेल आहे तो!" मी म्हणाले आणि मागच्या गॅलरीत निघून गेले.

थोड्या वेळानं मागे चाहूल लागली. त्या भिंतीला धरत धरत आल्या होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. त्यांनी चांगला डोळा पानाजवळ नेला, पान अंगठ्यानं चोळलं, देठ दाबून पाहिला. माझ्या मनात आलं, आता पकडलं गेलं आपलं खोटं. ज्या बाईनं जन्मभर कलिंगडं केली तिला कलिंगडाचं पान कळणार नाही?

"पान ह्याचं न्हाई तसलं," त्या म्हणाल्या. "आमच्या येलाचं पान फाटकं असतंय, खरबरीत. हे गुळगुळीत हाय." मग देठ पुन्हा दाबून, "हायब्रीड आसंल."

मी दोरीवरचे टॉवेल काढायला लागले.

"आता काय सांगावं. बिनबियाचं निगालंय, आतून पिवळं निगालंय. घरात येनारंबी निगालं आसंल. सालीची नक्षी तर पानावरच आलीया." आणि त्यांनी पाइपाखालचं भांडं सरकवून कुंडी बरोबर थेंबाखाली आणली.

त्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला उठले तर त्यांच्या कॉटवर कुणी नव्हतं. त्या गॅलरीत पाटावर बसल्या होत्या, त्या हिरव्या उजेडात, आणि वेलाशी बोलत होत्या. मी चहाचा कप नेऊन ठेवला आणि परत आले. आमच्या घरात न सांगण्याची सवय जुनीच होती. त्यात आणखी एक भर पडली, इतकंच.

मग हिवाळाभर सकाळी आम्ही तिथं बसायचो. माझी शाळा दुपारची. भाजी निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, सगळं मी गॅलरीत न्यायला लागले. पाणी टप, टप पडायचं. बोलणाऱ्या त्या, ऐकणारी मी, हे आमच्या घराला नवीन होतं.

त्या गाळपेरीचं सांगायच्या. उन्हाळा जवळ आला की धरणाचं पाणी मागे सरतं आणि खालची जमीन उघडी पडते, काळी, मऊ, लोण्यासारखी. तीच गाळपेर. पाणी जसं मागे जाईल तसं त्याच्या मागे मागे माणसं जातात आणि कलिंगड, काकडी लावत सुटतात. आज जिथं पाणी आहे तिथं उद्या वाफा. "पान्यानं जागा दिली की घ्यायची. पावसाळ्यात परत द्यायची," त्या म्हणायच्या. खूप खाली गेलं पाणी तर जुन्या गावठाणातल्या भिंती वर यायच्या, कुणाच्या तरी घराचा उंबरा, उखळ. पहाटे धुकं असायचं आणि त्या धुक्यात लांब पायांचे पांढरे-गुलाबी पक्षी उभे. त्यांच्यातून चालत त्या आणि मामंजी वेलांपर्यंत जायचे. पक्षी उडायचे नाहीत, नुसते बाजूला सरायचे.

"भय नाही वाटायचं?" मी विचारलं.

"कशाचं? आमच्याच घरावरनं चालत हुतो की. खाली आमचीच चूल."

त्यांच्या सासरचं पहिलं घर त्या पाण्यात गेलं होतं. इतकी वर्षं मी त्या घराण्याची सून, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी पोळ्या लाटत असेन. त्या दिवशी मी शाळेत मुलांना व्याकरण शिकवत होते आणि मनात सारखं येत होतं, पाण्याखालच्या चुलीवरून माणसं चालली आहेत, डोक्यावर पाट्या, पाट्यांत कलिंगडं.

वेल वाढत होता. वाढत होता म्हणजे, तो कधी वाढला ते कधी दिसायचं नाही. आज पाटाला टेकलेलं टोक चार-आठ दिवसांनी पाटावर चढलेलं असायचं. मातीला जिथं देठ लागेल तिथं तो खाली मूळ धरायचा, अजिबात आवाज न करता. त्याला कुठं जायची घाई नव्हती, आणि न जायचीही नव्हती. सासूबाई शेंडे खुडायच्या. "शेंडा खुडला की फुटवा धरतोय." खुडलेले शेंडे त्या टाकायच्या नाहीत, दुसऱ्या डब्यात खोचायच्या. डालड्याचे, रंगाचे, माझ्या वाढदिवसाच्या केकचा, मिळेल तो डबा. माघ संपेपर्यंत मोरीच्या कडेनं सगळीकडे सालीची नक्षी पसरली. एकदा मी पाहिलं, कुंडीच्या कडेखाली त्यांनी नारळाची शेंडी पसरून ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "फळ खाली टेकलं की डाग पडतोय त्याला."

तेव्हा मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी शेंगा फोडत राहिले.

एक पान मी डब्याच्या झाकणात ठेवून शाळेत नेलं. जीवशास्त्राच्या सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि खूश झाले. "आपल्या अकोले तालुक्यातल्या डोंगरात पावसाळ्यात फिरलायत का? पोटरीला लागलं की दिवसभर आग होते, ती झाडं? हा त्यांच्याच कुळातला. पण ह्याच्या अंगावर ती कुसळं नाहीत. मूळचा लांबचा, पूर्वेकडच्या दमट जंगलातला. ओल्या दगडांवरून सरपटत राहतो बिचारा."

"आगलाव्यांच्या घरात एक गरीब निघाला म्हणायचा," मी म्हणाले. "आमच्या माहेरी उलटं झालं."

ते मोठ्यानं हसले. "फळ लागतं का?" मी विचारलं. टाचणीच्या डोक्याहून बारीक, भिंगाशिवाय दिसणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी झाकण बंद केलं.

नवरा मात्र मला एकदा म्हणाला, "आईला खरं सांगून टाक ना. उगाच आस लावून बसलीय."

मी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मी म्हणाले, "खरं सांगायचं खातं आपल्या घरात कुणाकडे आहे?" तो गॅलरीपर्यंत गेला आणि परत आला. त्या दिवशी त्यानं भाजीत मीठ कमी आहे हेही सांगितलं नाही.

शिमगा झाला. वारा सुटला, कॉलनीतल्या कडुलिंबाची पानं गळून जिन्यात आली. आम्ही कूलर काढून गॅलरीच्या दाराशी ठेवला, त्याची ओली हवा वेलाला लागायला लागली. आणि एके दिवशी सासूबाईंनी मला शाळेत फोन केला. त्यांनी आपण होऊन कधी कुणाला फोन केला नव्हता, शेजारच्या मुलीकडून लावून घेतला होता. मला वाटलं पडल्या वगैरे. तर म्हणाल्या, "कळी धरलीया."

खरंच धरली होती. पानांच्या बेचक्यातून दोऱ्यासारखे बारीक देठ वर आले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला मोहरीएवढ्या हिरवट-गुलाबी कळ्यांचा गुच्छ. त्यांनी त्या दिवशी गुळाचा सांजा केला. आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी पहिल्यांदा काहीतरी आपल्या मनानं केलं, आणि मला तो अर्धा करपलेला सांजा इतका आवडला की मी पातेलं खरवडून खाल्लं.

त्यानंतरचा रविवार. मी दोरीवर चादर टाकत होते. नवरा दारात, कूलरला टेकून, चहा पीत पेपर वाचत उभा होता. सासूबाई मोठ्या कुंडीपुढे पाटावर बसलेल्या. त्यांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन वेलावर शिंपडलं. नेमकं तेव्हाच ऊन जाळीतून खाली उतरलं आणि गुच्छावर आलं.

एका कळीतून धूर निघाला.

अगदी इवलासा, पांढरा, झटक्यात उडाला आणि हवेत विरला. मग दुसऱ्या कळीतून. मग लांबच्या डब्यातल्या एकातून. आवाज काहीच नाही. इथून एक, तिथून एक, त्या हिरव्या उजेडात परागाचे लहान लहान धूर सुटत राहिले, जणू खाली कुठंतरी कुणी चुली पेटवल्या होत्या. आम्ही तिघंही बघत राहिलो. सासूबाई लहान मुलीसारख्या हसल्या. मीही हसले. नवरा म्हणाला, "अरेच्चा," आणि पेपर खाली केला.

"बग की, बग की, आनी एक," म्हणत त्यांनी परत पाणी मारलं. मग पुढे वाकून एक गुच्छ खुडला, तळहातावर घेतला, चांगल्या डोळ्याजवळ नेला. नखानं फुलं वेगळी केली. दुसऱ्या वेलावरचा गुच्छ पाहिला. तिसऱ्या डब्यातला पाहिला. हसू हळूहळू गेलं आणि तिथं कामाचा चेहरा आला. मळ्यात असा असेल तो, असं मला वाटलं.

"हात्तिच्या," त्या म्हणाल्या. "ही तर समदी वांझ फुलं हायेत."

चादर माझ्या हातात होती, ओली, जड. तो शब्द आला होता. मी इतकी वर्षं त्याची वाट पाहिली होती की तो आल्यावर माझं उत्तर तोंडात तयारच होतं, शब्द न् शब्द. मी चादर सोडून वळले. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही, पण त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. आपण काय बोललो ते त्यांना कळलं. ते त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं, आणि माझं तयार उत्तर तिथंच राहिलं.

"तसं न्हाई गं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तसं न्हाई म्हनले मी. येलाला न्हाई, फुलाला म्हनले. मळ्यात आमी असंच म्हंतो. येलावर दोन जातीची फुलं येत्यात. बुडाला इवलंसं फळ असतं ती मादीची. आन् जी नुसती फुलत्यात आन् गळत्यात, ती वांझ. ती नराची असत्यात गं. वांझ फूल म्हंजी नराचं फूल." त्यांनी वेलावरून हात फिरवला. "येल चांगला हाय. येलात काय खोट न्हाई. नुसतं नराचं फूल आलंय म्हून फळ न्हाई."

त्या थांबल्या. कूलर घरघरत होता. मला वाटलं आता हेही इथंच विरून जाणार, आमच्या घरात सगळं विरतं तसं.

नवऱ्यानं कप कूलरवर ठेवला. पेपराची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली.

"आई," तो म्हणाला. नगरला नोकरी लागल्यापासून तो पुस्तकातलं बोलतो, माझ्यापेक्षाही शुद्ध. त्या वेळी मात्र त्याच्या तोंडून गावचं आलं. "आई, आपल्या घरातबी तसंच हाय."

सासूबाईंना कळायला वेळ लागला. त्यांनी आधी वेलाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तो दाराची कड धरून उभा होता, आणि मान खाली नव्हती. मला वाटलं होतं तो कधी बोललाच तर मान खाली घालून बोलेल.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"पयल्यापासनं. पुन्याला गेल्तो तवापासनं."

"आन् हिला?"

"हिलाबी. हिनंच सांगितलं हुतं, बोलायचं न्हाई म्हून. मी ऱ्हायलो गप."

त्या माझ्याकडे वळल्या. मी इतक्या वर्षांत त्यांचे डोळे असे सरळ पाहिले नव्हते, एक निवळ आणि एक धुरकट.

"आन् तू मला समदं करू दिलंस?"

"तुम्ही कधी काही बोलला नाहीत, आत्याबाई," मी म्हणाले, आणि ते मी मनापासून म्हणाले.

"बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "वागले की पन."

छातीतून काहीतरी निघून गेलं होतं आणि त्या जागी नुसतं मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या जागेचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं उठायला आधार मागतायत, गुडघ्यांचं त्यांना होतच नाही. मी हात दिला आणि ओढायला लागले, तर त्या उठल्या नाहीत. माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून तशाच बसून राहिल्या. त्यांच्या तळव्याला माती होती आणि ती चुरगळलेली फुलं. मग मीच खाली बसले. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

नवरा अजून दारातच होता, आत जावं की बाहेर यावं ते न कळून.

"उबा का तू?" सासूबाई त्याला म्हणाल्या. "बस की हितं."

फरशी सगळी ओली होती. तो चपला काढून आमच्याजवळ बसला.